पाटलिणीचा आवाज

अंगणात

भागूबाईनं कोंबडी भिंतीवरून दिली. दोन घरांमधली ती भिंत छातीएवढी. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत विरजण, वाट्या, गाऱ्हाणी, सगळं तिच्यावरूनच इकडचं तिकडं व्हायचं.

"डोळ्यांचं ऑपरेशन होऊस्तोवर सांभाळ गं जाहेदा. आमचा आकाश म्हणतो, दोन्ही डोळे माझ्याकडं नाशकातच करून घे."

"ठेवा की मावशी. पाटलीण काय परकी आहे का?"

कोंबडी तांबडी, मानेला ताठ. पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडं अशी बघायची की माणूस उगाच चप्पल नीट करी. म्हणून पाटलीण. आता म्हातारी झाली होती. अंडं देणं कधीचंच सुटलं होतं.

"शिळी भाकरी ताकात भिजवून घाल," भागूबाई म्हणाली. "मूठभर. जास्ती नाय."

जाहेदानं मान हलवली, पण मनाला पटलं नाही. शेजारणीनं विश्वासानं ठेवलेली चीज म्हणजे अमानत. आणि दारात आलेल्या पाहुण्याला शिळं वाढायचं? मावशीचा हात पहिल्यापासून जरा आखडता, असं ती रात्री जेवताना नवऱ्याला म्हणालीसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून पाटलिणीपुढं मका. सुका, पिवळाधमक, वाडगं भरून. पाटलीण टिपत राहायची आणि जाहेदा समाधानानं बघत राहायची.

फोनवर

"काय करतीय माझी पाटलीण?"

"मजेत आहे. तुमच्यापेक्षा इथंच बरं म्हणती."

"म्हणंल. लई बेइमान जात. जरा आवाज ऐकव तिचा. डोळ्याला पट्टी आहे, मोबाईलकडं बघू देत नाय डॉक्टर. कानानं तरी भेटू दे."

जाहेदानं फोन खाली धरला. पाटलीण खर्जात कुरकुरली. नाशकात भागूबाई हसली.

अंगणात

मग एका सकाळी वाडगं तसंच भरलेलं राहिलं.

पाटलीण भिंतीच्या सावलीला पिसं फुगवून बसली होती. मान आत ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले. जाहेदानं उचलून घेतलं तर गळ्याखालची दाण्याची पिशवी हाताला लागली. टम्म, कडक. पोट भरलेलं असेल, असं तिला वाटलं. संध्याकाळी वाटलं, अशक्तपणा असेल. मग तिनं कणकेत लसूण आणि हळद घालून गोळ्या केल्या आणि चोच उघडून एकेक आत ढकलली. पाटलीण ती गिळायची, मान वाकडी करायची, पुन्हा डोळे मिटायची.

कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानदारानं औषधाची एक पुडी दिली आणि वर म्हणाला, "म्हातारी आहे ना? मग नवी घ्या की भाभी."

नवरा फारूख पंक्चरच्या दुकानातून जेवायला आला. हात धुता धुता त्यानं कोंबडीकडं पाहिलं.

"ये नहीं बचती. हलाल करून टाकू. आपोआप मेली, मुर्दार झाली की कुणाच्याच कामाची नाय."

"अमानतीवर सुरी चालवायची?"

"मग विचार तिला. रोज तर फोन येतो. बिमार हय बोल दे, खतम."

सांगते, असं ती म्हणाली. सांगणार होतीच.

फोनवर

"ऐकव."

जाहेदाच्या तोंडात वाक्य तयार होतं. मावशी, पाटलीण जरा... पण पलीकडून भागूबाईचा आवाज आला. आज डोळा ठणकतोय म्हणाली, जेवण गेलं नाही म्हणाली, आणि "तेवढं ऐकलं की झोप लागती गं."

जाहेदाची स्वतःची पिवळी कोंबडी शेवग्याच्या बुडाशी माती उकरत होती. जाहेदा तिच्यापाशी जाऊन वाकली आणि फोन पुढं केला.

"आवाज बारीक झाला का?"

"फोनमुळं वाटतंय मावशी."

अंगणात

पाटलिणीच्या चोचीला आंबूस वास येऊ लागला. जाहेदानं तिला गोणपाटावर ठेवलं, चमच्यानं पाणी पाजलं. पाणी बाहेर आलं. पुन्हा गोळी दिली. खाल्लं तर ताकद येईल. ताकद आली की उठेल. उठली की मावशीला सांगू, मधे जरा बिमार होती, आता बघा कशी...

फोनवर

पिवळी त्या दिवशी जोरात ओरडत होती. फोन जवळ नेताच तिनं गल्ली डोक्यावर घेतली.

"अगं, ही तर अंडं दिल्यावानी ओरडतीय!"

शेवग्याच्या बुडाशी पिवळीचं ताजं अंडं पडलं होतं.

"दिलं का काय? जाहेदा?"

"व्हय मावशी. दिलं."

"या वयात!" मग फोनपासून लांब गेलेला आवाज: "आकाश, ऐकलं का, माझ्या पाटलिणीनं अंडं दिलं!" तिकडं कुणीतरी हसलं, एक लहान पोर 'आजी, मला दाखव' म्हणालं. भागूबाई परत आली ती धापा टाकत. "ते अंडं ठिव गं. खाऊ नको. मी आल्यावर बघते. आता काय, चांगलंच दिसंल मला."

जाहेदानं अंडं गव्हाच्या डब्यात ठेवलं. आपल्या पिवळीचं.

अंगणात

पाटलीण दुपारी गेली. फारूख जेवून उठला होता. स्टेशनात गाडीची शिट्टी झाली तेव्हा तिनं मान उचलली, नेहमीसारखी ताठ, झडती घेणारी, आणि मग ती मान गोणपाटावर आडवी पडली. फारूख सुरी घ्यायला आत वळला होता. तो रिकाम्या हातानंच परत आला. शेवग्याखाली खड्डा त्यानंच खणला.

फोनवर

"आज ऐकवत नाय का?"

"झोपलीय मावशी."

"झोपू दे."

भिंतीशी

भागूबाई काळा चष्मा लावून आली. घरात पिशवीसुद्धा न टेकवता थेट भिंतीपाशी.

जाहेदानं सांगितलं. सगळं एका दमात, खाली बघत. मका सांगितला, गोळ्या सांगितल्या. पिवळीचंही सांगितलं.

भागूबाईनं बराच वेळ भिंतीवरचा पोपडा नखानं खरवडला.

"गळ्याखाली कडक झालतं का?"

"व्हय."

"दाणा अडकतो तिला. कोरडं चालत नाय, म्हणून तर भिजवलेलं घाल म्हणलं होतं. मागच्या उन्हाळ्यात बी झालतं. मी बसवलं होतं की चोळून." तिनं चष्मा सारखा केला. "मला विचारायचं ना. रोज तर बोलत होतो आपण."

ती रागावली असती तर जाहेदाला रडता आलं असतं.

"अंडं कुठाय?"

"मावशी, ते माझ्या पिवळीचं..."

"ठाऊक आहे. दे. तपासणीला परत नाशकाला जाईन तेव्हा न्यायचंय, आकाशची पोरगी रोज विचारती. सगळ्यांना सांगून बसलेय मी."

जाहेदानं ते डब्यातून काढलं, गव्हाची धूळ पुसली आणि भिंतीवरून दिलं. भागूबाईनं पदरात घेतलं आणि एकेक पायरी चाचपत घरात गेली. दार तिनं हळूच लावलं. आपलं खोटं आता मावशीच्या पदरात आहे, आणि ते तिला नाशकापर्यंत सांभाळून न्यायचं आहे, एवढंच जाहेदाला दिसत राहिलं.

फोनवर (हा फोन झाला नाही)

"मावशी, पाटलीण खात नाय."

"गळ्याखाली हात लाव. कडक लागतंय?"

"दगडावानी."

"काय खाऊ घातलंस?"

"मका. सुका."

"आगं माझे बाई. बरं, घाबरू नको. खाणं बंद कर. गोडं तेल कोमट कर, चमचाभर पाज. मग मांडीवर घे आणि हळूहळू चोळ. मऊ पडंस्तोवर. घाई करायची नाय."

"चोळते."

"चोळतीस का?"

"चोळतेय मावशी."

"मी आहे फोनवर."