बोरकडीची गाडी

दौंडच्या एका संस्थेची जनावरांच्या दवाखान्याची फिरती गाडी आहे. फोन आला की ऑफिसातले हौशीराम कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहितात: आधी 'गाडी', मग गावाचं नाव, मग जनावर. प्रोग्राम ती ओळ वाचतो आणि ड्रायव्हरच्या मोबाइलवर पत्ता जातो. हा प्रोग्राम माझ्या सुनेनं, सीमानं, लिहिला. मला त्यातलं कळत नाही. कळलंय असं वाटतं तेव्हा तर मी जास्तच गप्प बसतो.

प्रोग्राम सुरू झाला त्या पहिल्याच आठवड्यात बोरकडी बुद्रुकच्या मल्हारची म्हैस अडली. गाडी गेली नदीपलीकडच्या बोरकडी खुर्दला. तिथून पुलावरून वळसा घालून येईपर्यंत रेडकू पोटातच गेलं. म्हैस वाचली. संस्थेच्या साहेबांनी हौशीरामांना सांगितलं, सोमवारपासून गोडाऊनला बसा, इथं शिकलेला माणूस लागतो.

रविवारी हौशीराम आमच्याकडे आले. चहाला हात लावीनात.

"सीमाताई, मी बुद्रुकच लिवलं व्हतं. आईशपथ."

"लिहिलं होतं, काका. पण नाव दोन शब्दांचं असलं की त्याला अवतरणचिन्हं घालायची. मी शिकवलं होतं."

"शिकवलं व्हतं. पर तिकडं मल्हार फोनवर रडतुय, आन् मी चिन्हं आठवत बसू व्हय?"

सीमा माझ्याकडे वळली. "आप्पा, तुम्ही सोप्या मराठीत सूचना लिहून द्याल? काका टेबलावर ठेवतील. साहेबांनाही दाखवता येईल."

माझं आयुष्य शिरूरच्या वाचनालयात गेलं, म्हणून ती मला भाषेतलं काही विचारते. पण जे स्वतः करून पाहिलं नाही ते कसं लिहायचं? मी तसं म्हणालो. तिनं लॅपटॉप पुढ्यात सरकवला. "करा. इथून ड्रायव्हरला काही जात नाही."

मी एकेक अक्षर शोधत लिहिलं: गाडी बोरकडी बुद्रुक म्हैस.

पडद्यावर उमटलं: गाव बोरकडी खुर्द. जनावर बुद्रुक. गाडी निघाली.

माझे कान तापले. आत्ताच ऐकलेलं मी विसरलो होतो. "माझंच चुकलं," मी म्हणालो.

हौशीराम पहिल्यांदा हसले. "आप्पा, चला तुमी बी गोडाऊनला."

सीमा हसली नाही. "जनावर बुद्रुक," तिनं पुन्हा वाचलं. "असं जनावर असतं का कुठं? आणि ह्यानं खुशाल घेतलं."

मग तिनं आम्हाला सांगितलं. मोकळी जागा दिसली की मशीन ओळ तोडतं. 'गाडी'नंतरचा पहिला तुकडा गाव, दुसरा जनावर. नुसत्या 'बोरकडी'ला दोन गावं सापडली, त्यानं यादीत वर असलेलं घेतलं. म्हैस जास्तीची उरली, ती टाकून दिली. "आलेलं तपासायचं काम माझ्या प्रोग्रामचं होतं," ती म्हणाली. "मी ते लिहिलंच नाही."

मला एक सुचलं होतं, पण वेडगळ वाटत होतं. "एक विचारू? कदाचित चुकीचं असेल."

"विचारा की."

"कुणी बोरकडी म्हणालं की आपण विचारतो, खुर्द का बुद्रुक. त्याला रागावत नाही, आणि आपल्या मनानं ठरवतही नाही. ह्याला तसं विचारता येत नाही का?"

"येतं," सीमा हळूच म्हणाली, आणि लॅपटॉप तिनं स्वतःकडे ओढला. हौशीराम दुपारी आमच्याकडेच जेवले.

सोमवारी मीही त्यांच्याबरोबर संस्थेच्या ऑफिसात गेलो, दाराशी उभा राहिलो. सीमानं सरळ सांगितलं, "साहेब, काकांनी गाव बरोबर लिहिलं होतं. गाडी माझ्या प्रोग्राममुळं चुकली."

"असेल. पण ह्यांनी उद्या परत तसंच लिहिलं तर?"

सीमानं लॅपटॉप उघडून पुढं ठेवला. "लिहू द्या ना आत्ताच. इथून ड्रायव्हरला काही जात नाही."

हौशीरामांनी एका बोटानं, चिन्हं न घालता, तीच ओळ लिहिली: गाडी बोरकडी बुद्रुक म्हैस. पडद्यावर आलं: गाडी थांबवली आहे. बोरकडी खुर्द की बोरकडी बुद्रुक?

"बुद्रुक, बाबा," हौशीराम पुटपुटले आणि तेवढंच लिहिलं. आता पडद्यावर पुरं नाव आलं: बोरकडी बुद्रुक.

साहेबांनी खुर्ची ओढून स्वतः लिहिलं: गाडी पाटस. पडद्यानं विचारलं, जनावर कोणतं? त्यांनी मुद्दाम 'टेबल' लिहिलं. हे जनावर यादीत नाही, पुन्हा लिहा, असं आलं. त्यांनी आणखी दोनतीन खोड्या करून पाहिल्या, मग उठले.

"बसा इथंच," ते हौशीरामांना म्हणाले.

हौशीराम बसले नाहीत. "साहेब, जेवणाच्या सुट्टीत मल्हारकडं जाऊन येऊ? त्याला वाटतंय, मीच गाडी भलतीकडं धाडली."

"काका, मीही येते," सीमा म्हणाली. "ते मलाच सांगावं लागेल."