चौदाव्या ओळीचं पाप

सूर्य अजून पुरता बुडालाही नव्हता, तरी पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर तो तारा लख्ख दिसत होता. मैदानात हजारभर माणसं माना वर करून उभी होती. ज्यांना दिसला ते रडत होते, ज्यांना दिसला नाही ते जास्त मोठ्यानं रडत होते; न दिसणं म्हणजे मन मळलेलं, असं तेजोबाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"उगवणार म्हणून कुणी सांगितलं?" बाबांनी माइकवर विचारलं.

"तुम्ही!"

"कधी?"

"सकाळी!"

"आणि उगवला कधी?"

"संध्याकाळी!"

बारा दिवसांपूर्वी खरंच तसं घडलं होतं. तेव्हापासून बाबा रोज उद्याचं तेज आज सांगायचे आणि तारा गुणी पोरासारखा ऐकायचा. "याच्या उजेडात बसा, दुखणी जळतील! औषध म्हणजे राख. राखेत दिवा लागतो का, सांगा बरं?" लोक सांगायचे, नाही लागत.

गर्दीत एक शिवणकाम करणारी बाई सात वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. लेकीला घरात चिमणी म्हणत. तिला फिट्स यायच्या. दोन वेळच्या गोळ्यांनी दोन वर्षं त्या ताब्यात होत्या. बाईनं बाबांसमोर गोळ्यांची पट्टी फेकली होती आणि दुसरी घरी मशीनच्या खणात लपवली होती. रोज गोळी दुधात चुरडायची आणि वर बघून माफी मागायची.

"आज एक वाईट सांगतो," बाबांचा आवाज उतरला. "उद्या तारा निम्मा होईल. तुमच्यातलं कुणीतरी चोरून राख चारतंय. आपल्याच लेकराला!"

हजार माणसांत अशी एक आई असतेच. बाबांना तिचं नाव ठाऊक असायची गरज नव्हती. बाईनं लेकीला पदराखाली ओढलं.

तिची नणंद, म्हणजे चिमणीची आत्या, वेधशाळेत होती. मोठे तारे कसे फुटतात हे दुर्बिणीतून बघायचं आणि तेच गणितानं संगणकात घडवून बघायचं, हे तिचं काम.

"ताई, एकदा तरी चला ना मैदानात," वहिनी म्हणाली होती.

"अगं, दिवसभर मी तोच तारा बघते."

"यंत्रातून. भक्तीनं नाही."

"वहिनी, तो मेलाय गं. पोटातलं जळण संपलं, पापणी लवायच्या आत गाभा कोसळला आणि वरचं सगळं उधळलं. तुम्ही बघताय तो मरणाचा उजेड."

"शुभ बोलावं हो माणसानं!"

आत्या हसली होती. गोळ्या चालू आहेत ना, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं.

चौदाव्या दिवशी आभाळ ढगांनी भरलं. निम्मा काय, पाव ताराही दिसला नाही. लोकांनी छाती पिटली. पाप ढगाचं असेल, असं कुणी म्हटलं नाही. घरी येऊन बाईनं खण मोरीत रिकामा केला. पंधराव्या दिवशी तारा लखलखीत दिसला. "पाप धुतलं गेलं!" बाबा गरजले. बाई सुखानं रडली.

सोळाव्या दिवशी सकाळी चिमणीला फिट आली. ती पाऊण तास थांबली नाही.

दवाखान्याच्या बाकावर वहिनी भिंतीला बोलत होती. "माझ्याचमुळे झालं. मी चोरून गोळ्या दिल्या, म्हणून चौदाव्या दिवशी तारा निम्मा झाला."

"काय म्हणालीस?" आत्या वळली. "चौदाव्या? निम्मा?"

"बाबा आदल्या दिवशीच म्हणाले होते."

आत्याला स्वतःचीच एक ओळ आठवली. रोजच्या तेजाचा अंदाज ती एका जाहीर पानावर टाकायची. तिनं वीस वेगवेगळ्या ताऱ्यांची गणितं चालवली होती. त्यांतल्या एका लहान ताऱ्याच्या गणिताची ओळ चुकून या तक्त्यात चौदाव्या जागी चिकटली होती. एका दिवसात निम्मा होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उजळणारा असा तारा असूच शकत नाही. चौदाव्या दुपारी सहकाऱ्यानं दाखवलं, ती "अरे देवा" म्हणून हसली, ओळ दुरुस्त केली आणि खाली टीप लिहिली.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी, दवाखान्यातून निघून, पान बंद ठेवून ती मैदानात गेली.

"बाबा, उद्या तारा किती उजळेल? तेवढंच सांगा."

बाबांनी डोळे मिटले आणि मान हळूच पाठीमागच्या पडद्याकडे कलली. पडद्याआड शिष्य फोन घासत होता. "पान उघडत नाहीये हो," तो कुजबुजला. माइक चालू होता. हजार माणसांनी ऐकलं.

"आज तारा मौनात आहे," बाबा म्हणाले. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"मौनात नाही, माझं पान बंद आहे," आत्या म्हणाली. "पहिल्या दिवसाचंही ऐका. तारा कोसळला की आधी न्यूट्रिनो नावाचे बारीक कण सुटतात, उजेड काही तास मागून येतो. जमिनीखालची यंत्रं ते कण टिपतात आणि जगभर इशारा जातो. नाव नोंदवलं की कुणाच्याही फोनवर येतो. यांच्याही आला. आणि चौदाव्या दिवशी तारा मंद झालाच नव्हता. दूरदेशीच्या दुर्बिणींनी मोजलाय तो. चूक माझी होती. यांनी चूकसुद्धा माझीच उचलली!"

"ऐका!" बाबा उसळले. "म्हणजे पापी हीच! हिच्याच हातून झालं!"

हजार माना आत्याकडे वळल्या.

"हो, ओळ माझ्या हातची," ती म्हणाली. "मी ती दुरुस्त केली. तुम्ही तिच्यातून एका आईचं पाप काढलंत."

माणसं पांगली. काही बाबांच्या पाया पडून पांगली, हेही सांगायला हवं.

चिमणी जगली. चालते, खाते. बोलत मात्र नाही. आईला हाक मारायची तर बाही ओढते.

"ताई," वहिनीनं एकदाच विचारलं, "खरंच मंद नव्हता झाला?"

"नव्हता गं."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही."

वहिनीनं मशीनचा खण उघडला, गोळी काढली, चुरडली. वर बघितलं नाही.

बाबा आता दुसऱ्या गावी आहेत म्हणे. तीनेक महिन्यांनी तारा खरोखरच विझत जाईल. पानावर तसं लिहिलंय, आणि ती ओळ चारदा तपासलेली आहे. त्या दिवशी कुणी पापी शोधू नये. हात जोडायचे त्यानं जरूर जोडावेत, देवाचं नाव घ्यावं. पण लेकराच्या गोळीची वेळ झाली की जोडलेले हात सोडावेत. देव रागावत नाही. आणि जो रागावतो, त्याच्या पडद्यामागे कोण बसलंय ते आधी बघून यावं.