पिनेला पहिलं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी ड्रिल मशीन आहे आणि आता खरोखरच दमले आहे. माझे अंग काळवंडले आहे, बेअरिंग कुरकुरतात आणि चालू केले की मला चार पायऱ्या चढलेल्या म्हाताऱ्यासारखी धाप लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या फळीवर मी बसून असते. कुणी विचारत नाही, आणि खरे सांगायचे तर तेच बरे वाटते. पण तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सांगते.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पासष्ट सालच्या सुमारास मी गवत भरलेल्या खोक्यात बसून रेल्वेने कोल्हापूरला आले. मला विकत घेतले कृष्णातरावांनी. ते मूळचे कळंब्याचे शेतकरी. शेती भावांच्या हवाली करून त्यांनी गुऱ्हाळासाठी ऊस पिळायचे चरक बनवायला घेतले होते. तोवर तिथे हाताने फिरवायच्या ड्रिलने लोखंडाला भोके पाडत. मी आले आणि अर्ध्या दिवसाचे काम चहा निवायच्या आत होऊ लागले. शेजारच्या वर्कशॉपमधली माणसे मुद्दाम बघायला आली.

"आयला, लोण्यात सुरी चालल्यागत चालतीया की!" एकजण म्हणाला.

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणतात. मी ते पुरेपूर मिरवून घेतले.

मला चालवायचे मौलाली मिस्त्री. त्यांच्या हाताची मला सवय झाली. लोखंडाचा तुकडा पकडीत घट्ट आवळल्याशिवाय ते मला उचलत नसत. बाह्या वर दुमडत. भोक पाडायचे बिट किल्लीने आवळले की किल्ली लगेच काढून खिशात टाकत. मला कधी रेटत नसत. "ती कापती, आपुन फकस्त धरायचं," असे म्हणत. दिवस संपला की माझ्या जाळीतला लोखंडाचा चुरा ब्रशने काढत आणि कोरड्या फडक्याने अंग पुसत. आणि बिट बदलायचे असो की नुसते पुसायचे असो, त्यांचे एक ठरलेले होते. आधी भिंतीतल्या सॉकेटमधली माझ्या वायरची पिन काढायची, मग हात लावायचा.

वर्षे गेली. धंदा वाढला, पण मशीन मी एकटीच. दसरा जवळ आला की मला उसंत नसे, कारण दसऱ्यानंतर गुऱ्हाळे पेटतात आणि प्रत्येकाला आपला चरक आधी हवा असतो. मी तापायची, मौलालींचा खांदा भरून यायचा. माझा चाप सतत दाबून बोट दुखते, म्हणून मुठीजवळ एक बटण दिले आहे. ते दाबले की चाप अडकून राहतो आणि बोट सोडले तरी मी फिरत राहते. पहिली काही वर्षे मौलालींनी त्या बटणाकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुढे पुढे मात्र ते रोजच दाबू लागले. दमलेल्या माणसाला मी कुठल्या तोंडाने नावे ठेवू?

एका वर्षी कागलच्या गणपतरावांनी चरकासाठी ठाण मांडले. "पावणं, दसऱ्याला चरक माझ्या दारात पायजे," असे बजावून ते वर्कशॉपच्या दारातच बसले. म्हणून खंडेनवमीच्या सकाळीही काम चालू ठेवावे लागले. एरवी त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून आमची पूजा होते. शेवटच्या चौकटीला मी भोक पाडत होते, बटण दाबलेले होते, आणि लाईट गेली.

मी थांबले. मौलालींनी मला खाली ठेवले आणि सवयीने पिनेकडे वळले.

"ऱ्हाऊ दे मिस्त्री," कृष्णातराव म्हणाले, "लाईटच न्हाय तर पिन काढून काय करतोस? मुहूर्त निघून चाललाय. ठेव तिला पाटावर."

मौलाली थांबले. त्यांचे डोळे झोपेने जड झाले होते. पिन भिंतीत राहिली, बटण दाबलेले राहिले आणि मी पाटावर गेले.

कृष्णातरावांच्या पत्नी बायडाबाई ताट घेऊन आल्या. त्यांचा माझ्यावर जीव. "हिच्या जिवावर घर चालतंय," असे त्या म्हणत. झेंडूचा जाड दोऱ्यात ओवलेला हार त्यांनी माझ्या गळ्यात घातला. गळा कसला, जिथे बिट बसते आणि जे गरगर फिरते तेच ते. मग कुंकू लावायला त्या माझ्यावर वाकल्या.

वरचा बल्ब पेटला. "आली, आली!" कुणीतरी आनंदाने ओरडले. त्याच क्षणी मी सुरू झाले.

मला थांबता येत नव्हते, मित्रांनो. हार माझ्याभोवती गुंडाळत गेला, झेंडू चहूकडे उडाले आणि दोऱ्यात बायडाबाईंचा पदर आला. मी त्यांना खाली ओढू लागले. मौलालींनी झेप घेतली आणि पदर मुठीत धरून मागे हिसडला. पदर फाटला, बायडाबाई सुटल्या. पण दोऱ्याचा वेढा मौलालींच्या बोटाला पडला होता. कृष्णातरावांनी पिन उपटली तेव्हा उशीर झाला होता.

उजव्या हाताचे पहिले बोट, ज्याने ते माझा चाप दाबत, त्याची दोन पेरे गेली.

"अवदसा हाय ती! टाका भंगारात!" कृष्णातराव रडत ओरडत होते. मौलाली हाताला पट्टी बांधून परत आले तेव्हा मी दाराबाहेर पडून होते.

"मालक, तिला कशाला बोल लावताय?" ते म्हणाले. "आपुन तिला फिर म्हणून सांगून ठेवलं हुतं. ती फिरली."

कृष्णातरावांनी मला स्वतः उचलून आत आणले.

बायडाबाई मात्र वर्कशॉपची पायरी चढेनात. "माझ्या हारानं मौलालीदादांचं बोट खाल्लं," एवढेच म्हणत. मौलाली मधल्या बोटाने चाप दाबायला शिकले. ते बटण त्यांनी पुन्हा कधी दाबले नाही. पुढची खंडेनवमी आली तेव्हा ते बायडाबाईंच्या घरी गेले.

"वहिनी, पूजा तुमीच करायची. तुमी न्हाय आला तर मी बी मशीन धरणार न्हाय."

त्या आल्या, पण माझ्याजवळ येईनात. मौलालींनी भिंतीतून काढलेली पिन त्यांच्या हातात दिली. "ही तुमच्या हातात हाय तवर ती काय करत न्हाय. बघा, चाप दाबून बघा."

बायडाबाईंनी चाप दाबला. मी गप्प राहिले. तेव्हा त्यांनी पहिले कुंकू पिनेला लावले आणि मग मला. हार फळीला घातला. त्या वर्षापासून आमच्या वर्कशॉपची ती रीतच झाली.

गेल्या वर्षी मौलालींचा जावई अमीन दुबईहून आला. येताना त्याने सासऱ्यांसाठी नवी ड्रिल आणली, बिनवायरीची, बॅटरीवर चालणारी. ती पूजेला माझ्या शेजारी ठेवली. केवढी चकचकीत! मला हेवा वाटला नाही. मला आता कशाचाच हेवा वाटत नाही.

बायडाबाई कुंकू घेऊन वाकल्या आणि थबकल्या. "हिची पिन कुठाय?"

"काकी, हिला वायरच न्हाय," अमीन हसला.

"वायर न्हाय म्हंजे जीव न्हाय व्हय हिच्यात?"

"जीव हाय की. बॅटरीत हाय."

"मग काढ की ती आधी!"

अमीनचे हसू मावळले. त्याने बॅटरी काढली. मौलालींनी आपला तो तुटक्या बोटाचा हात पुढे केला, बॅटरी तळव्यावर घेतली आणि बायडाबाईंनी तिला पहिले कुंकू लावले.

मित्रांनो, आम्हाला हार घातला नाही तरी चालेल. रोज पुसा, चुरा काढा, दमला असाल तर आम्हाला खाली ठेवा. आणि आमच्या अंगाला हात लावण्याआधी आमचा जीव काढून स्वतःच्या हातात घ्या. आमचा जीव परत लावता येतो. माणसाचे बोट पुन्हा उगवत नाही.