गाळलेली ओळ

"ओळ ऐकू आली नाही, तर आपला गट त्याच क्षणी बाहेर," पप्पांनी बजावलं आणि वर शेरा मारला, "एकत्र चहा प्या, सहलीला जा. प्रार्थना कशाला एकत्र?"

पप्पा प्रॉटेस्टंट चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. मुलगी कॉलेजातल्या प्रॉटेस्टंट गटाची सेक्रेटरी. कॉलेजातल्या तिन्ही ख्रिस्ती गटांना एकदा तरी एका खोलीत बसवायचं, या वेडाने तिला वर्षभर झपाटलं होतं.

अडलं होतं ते एका ओळीवर. प्रभूची प्रार्थना सगळ्यांची एकच, पण कॅथलिक मंडळी ती जिथे थांबवतात तिथे प्रॉटेस्टंट थांबत नाहीत. देवाच्या राज्याची आणि गौरवाची एक ओळ जोडूनच आमेन म्हणतात. पप्पा आणि कॅथलिक चर्चचे फादर एकाच दुकानातून पाव घेत, पण या ओळीपायी कधी एकमेकांना ओळख दाखवत नसत. फादरनीही आपल्या गटातल्या मुलांना सांगून ठेवलं होतं, "पाळकाच्या पोरांनी शेपूट जोडलं, की मी उठलो."

म्हणजे ओळ म्हटली तर फादर जाणार, न म्हटली तर पप्पा.

प्रार्थनेच्या दिवशी ती रसायनशास्त्राच्या वर्गात पोचली, तेव्हा कॅथलिक गटाचा म्होरक्या फळ्यावरची समीकरणं पुसत होता. सगळे त्याला आजोबा म्हणत. विसाव्या वर्षीच तो खोकून बोलायला लागला होता. नळाखालच्या ॲसिडच्या बाटल्याही त्याने हलवल्या होत्या.

"तुमचे पप्पा इथे बसतील ना? वास येईल त्यांना," तो म्हणाला.

झालं. ती विरघळली. हा माणूस आपल्या बापाच्या नाकाची काळजी करतो आणि आपण त्याच्या फादरना उठवून लावणार? तिने आपल्या पोरांना दारात गाठलं. "आज ओळ गाळायची. पप्पांचं मी बघते."

"काय बघणार?"

"ते मलाही माहीत नाही."

तिसरा गट टाळ्या, ढोलकी आणि मोठ्याने स्तुती करणाऱ्यांचा. त्यांच्या ढोलक्याने आज चूप बसायचं कबूल केलं होतं. तो बिचारा स्वतःच्याच हातांवर बसला होता.

पहिल्या बाकाच्या एका टोकाला पप्पा, दुसऱ्या टोकाला फादर. मध्ये आणखी चार माणसं सहज मावली असती. प्रार्थना सुरू झाली. आवाज एकमेकांत छान मिसळले. ती जागा आली. ती थांबली, तिची पोरं थांबली. तिने डोळे घट्ट मिटले आणि पप्पांच्या उठण्याची वाट पाहिली.

आणि पलीकडून ओळ आली. खणखणीत, पाठ करून आल्यासारखी. आजोबा आणि त्याचा अख्खा गट पाहुण्यांच्या मानासाठी प्रॉटेस्टंटांची ओळ म्हणत होता, आणि ज्यांची ती ओळ, ते तोंडाला कुलूप लावून बसले होते.

तिने डोळे उघडले. आजोबा तिच्याकडे भूत पाहिल्यासारखा बघत होता. त्याचं आमेन तोंडातच विरलं. फादरचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. पप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि मुलीकडे असं पाहिलं, जणू ती कोणा दुसऱ्याचीच आहे.

"तू गाळलीस?" पप्पांनी विचारलं.

"त्यांच्यासाठी."

"आणि तुम्ही म्हटलीत?" फादरनी आजोबाला विचारलं.

"त्यांच्यासाठी," आजोबा खोकला.

पप्पा उठायला अर्धे वाकले आणि तसेच अडकले. ओळ तर ऐकू आली होती. त्यांनी ती कुणाच्या तोंडून यावी हे सांगितलंच नव्हतं. पलीकडे फादरही तसेच अर्धवट उठलेले. पाळकाच्या पोरांनी तर चकार शब्द जोडला नव्हता. शब्दाला जागणारी दोन माणसं एकाच बाकावर वाकून उभी होती आणि जायला कोणाकडेच सबब उरली नव्हती.

फादर आधी बसले. "पाळकसाहेब," ते बाकाकडे बघत म्हणाले, "पोरांवर लक्ष ठेवायला हवं. पुढच्या वेळीही."

"दोघांनी," पप्पा म्हणाले आणि बसले. बसताना थोडे आत सरकले.

मागून ढोलक्याने भीत भीत विचारलं, "ताई, आता हात काढू का? मुंग्या आल्यात."