पहिली बादली

"झालं का सुरू जावयांचं पाणी?"

खाटेवरून आवाज आला तेव्हा ती नळाच्या तोंडाला पाइप बसवत होती. पाइप आवळायची पट्टी दातांत धरलेली, त्यामुळे उत्तर द्यायची सोय नव्हती. पट्टी बसली, नळ किंचित सोडला. कोळशाच्या फिल्टरमधून वाट काढत पाणी बाहेरच्या खोलीतल्या निळ्या ड्रममध्ये दोऱ्याएवढ्या धारेने पडू लागलं. मग तिने स्टूल ओढलं आणि ड्रम आणि खाट यांच्यामध्ये बसकण मारली.

"झालं, आई."

"आज शनिवार ना गं? जावयांचा वार तर रविवारचा."

आज सांगायचंच, असं ठरवून तिने दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. उद्या सकाळी माणसं येऊन माशांची टाकी घेऊन जाणार आणि सासूबाईंना त्याचा पत्ता नाही, हे तिला बरं वाटत नव्हतं. पण ती नुसती धार न्याहाळत बसली.

भिंतभर लांबीच्या त्या काचेच्या टाकीत सात मासे होते. ताटलीसारखे गोल, चपटे आणि नखरेल. त्यांना नळाचं पाणी चालत नाही, त्यातलं औषध बाधतं. गार पाणी चालत नाही. टाकीतलं जुनं पाणी दर आठवड्याला थोडं काढून तेवढंच नवं, गाळलेलं आणि कोमट पाणी घातलं नाही, तर रंग काळवंडून कोपऱ्यात तोंड फिरवून बसतात. सासूबाईंना पोटी मुलगी नव्हती. "मुलगी नाही, तरी सात जावई पदरात पडले," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "रुसणं काय, फुगणं काय, आंघोळीला ऊन पाणी काय! एकाचीही बायको माझ्या घरची नाही, पण मान सगळा इथेच."

टाकी आणली होती त्यांच्या मुलाने. पहिले काही महिने तो स्वतः ड्रम भरायचा, शिट्टी वाजवत. मग त्याला लांबच्या फेऱ्या लागल्या. मालाचा ट्रक घेऊन गेला की आठवडा आठवडा घरी नाही. अशा रीतीने हौस नवऱ्याची राहिली आणि कंबर बायकोची गेली.

ती कपड्यांच्या दुकानात काउंटरला होती. गिऱ्हाईक असो नसो, काउंटरमागे बसायचं नाही, असा मालकाचा दंडक. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय असे सुजत की चपलेचा पट्टा मांसात रुतायचा. घरी आल्यावर स्वयंपाक, धुणी, सासूबाईंची कूस बदलणं, औषधं. सासूबाई कंबरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर होत्या. आणि रविवारी हे जावई.

सुरुवातीला एकदा तिने घाई केली होती. ड्रम लवकर भरावा म्हणून नळ पूर्ण सोडला आणि पोळ्या लाटायला गेली. पाणी कोळशातून नुसतं धावत गेलं, त्यातलं औषध तसंच राहिलं. तेव्हा मासे आठ होते. दुपारी सगळे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले आणि त्यातला एक संध्याकाळी आडवा झाला. "माझा थोरला जावई गेला गं," असं सासूबाई हसत म्हणाल्या खऱ्या, पण तिच्या जिवाला ते लागलं. त्या दिवसापासून ड्रम भरेपर्यंत ती जागची हलत नसे. धार जाड झाली तर फिल्टर फुकट, आणि ड्रम भरून वाहिला तर खाटेखाली तळं. म्हणून बसायचं. पाण्यापुढे कुणाची घाई चालत नाही.

कोपराची रीत मात्र सासूबाईंची. टाकीचा थर्मामीटर फुटला तेव्हा ती हात बुडवून पाहत होती. सासूबाई खाटेवरून ओरडल्या, "हाताला काय विचारतेस? तव्याला लागून लागून निबर झालेत ते. कोपर घाल. कोपर खोटं बोलत नाही." तेव्हापासून ड्रममध्ये सोडलेल्या हीटरचं बटण बंद करायचं, बाही वर सारायची आणि कोपर बुडवायचं. कोपराला पाणी लागलंच नाही, असं वाटलं की ते तयार.

आणि पहिली बादली सासूबाईंची. हे आपसूकच ठरलं. नळाच्या पाण्याने अंग पुसलं की त्यांच्या कातडीला खाज सुटायची. पाठ ओरबाडून लाल व्हायची. एकदा गॅस संपला म्हणून तिने ड्रममधलंच कोमट पाणी घेऊन त्यांचं अंग पुसलं. त्या रात्री सासूबाई गाढ झोपल्या. सकाळी म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस जावयांना मऊ पाणी आणि सासूला खरखरीत! आजपासून आधी सासू, मग जावई." आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठीही त्याच पाण्याच्या दोन कळश्या झाकून ठेवल्या जायच्या.

"तो पट्ट्यांचा कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"मागच्या कोपऱ्यात. रुसलाय."

"आणि लाल?"

"लाल समोर आलाय. तुमच्याकडेच बघतोय."

"बघू दे. सासू कशी आहे ते कळू दे."

ती हसली नाही. धार पडत होती.

"आई, एक बोलायचंय. रागवू नका."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवते."

"मी टाकी देऊन टाकतेय. दाढ काढली ना मी, ते दातांचे डॉक्टर. त्यांना दवाखान्यात बाहेरच्या खोलीत ठेवायला हवीय. उद्या सकाळी माणसं घेऊन येतील. माशांसाठी ड्रमभर तयार पाणी मागितलंय त्यांनी, म्हणून आज भरतेय." एवढं एका दमात सांगून ती थांबली. मग आवाज खाली आला. "माझ्याच्याने होत नाही हो आता. खरंच होत नाही. तुम्हाला करमणार नाही, ते मला कळतं. दिवसभर तेवढंच तर बघता तुम्ही."



"दाढ काढायला गेलीस आणि जावई उजवून आलीस," सासूबाई म्हणाल्या. "देऊन टाक."

"आई, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. आणि मी काय बघते गं? वर्ष होत आलं, मला त्या काचेत नुसता उजेड दिसतो."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मग दर वेळी विचारता ते? लाल कुठे, पट्ट्यांचा कुठे?"

"तू सांगतेस म्हणून विचारते. तेवढीच बोलतेस." सासूबाईंनी चादरीवरचा हात उचलून हवेत तिच्या दिशेने धरला आणि परत ठेवला. "पाणी भरताना तू बसतेस. बाकीचे दिवस मी नुसती तुझी पावलं ऐकते. इकडून तिकडे, तिकडून इकडे."

तिला आधी राग आला. एवढ्यासाठी का मी कंबर मोडून घेतली, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. "मग सांगायचंत ना! बस म्हणाला असतात तर बसले नसते का मी?"

"बसली असतीस. एक डोळा गॅसवर ठेवून, एक घड्याळावर. मला माहीत नाही का तू?" सासूबाई म्हणाल्या. "आणि डोळ्यांचं सांगितलं असतं तर आणखी एक काम वाढलं असतं तुला. दवाखान्यात ने, आण."

रागाची जागा कधी लाजेने घेतली, ते तिला कळलं नाही. तिने स्टूल खाटेला भिडवलं. "नाही देत टाकी. सांगते डॉक्टरांना."

"वेडी आहेस का? दे. आपले पाय बघ जरा. जावयांपायी सून मोडली तर मला कोण बघेल?" मग त्या लहान मुलाने हट्ट करावा तशा म्हणाल्या, "ड्रम तेवढा देऊ नकोस. रविवारी माझी बादली भरत जा. फक्त माझी. अशीच बारीक धार ठेवून."

"अशीच," ती म्हणाली.

ड्रम भरेपर्यंत मग दोघी बोलत बसल्या. काय बोलल्या, ते नंतर तिला धड आठवेना. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची नक्कल तिने केली होती आणि सासूबाईंना हसून हसून ठसका लागला होता, एवढं आठवत होतं.

सकाळी ती चहाचा कप घेऊन आली तेव्हा सासूबाई टाकीकडे तोंड करून निजल्या होत्या. तिने दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला कप खाली ठेवला.

सासूबाईंचे नेहमीचे डॉक्टर येऊन गेले. झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नसेल, असं म्हणाले. नवऱ्याला फोन झाला. तो म्हणाला, निघालोय, दुपारपर्यंत पोचतो, आणि पुढे त्याला बोलता येईना. शेजारच्या काकू आल्या, त्यांनी पदर खोचला आणि सगळं हातात घेतलं. तिला रडू येत नव्हतं. त्याचीच तिला लाज वाटत होती.

अंघोळ घालायची वेळ आली तशी काकूंनी न्हाणीतल्या नळाखाली बादली लावली.

"नळाचं नको," ती म्हणाली. "त्यांना खाज सुटते."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. नळ बंद केला.

तिने ड्रममध्ये हीटरची कांडी सोडली आणि बटण दाबलं. मोठा ड्रम, तापायला वेळ लागणार होता. कोणीतरी दारात कुजबुजलं, आता गार काय नि गरम काय. काकूंनी डोळ्यांनीच त्या बाईला गप्प केलं. पाणी तापेपर्यंत सगळ्या जणी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शेवटी तिने बटण बंद केलं, बाही वर सारली आणि कोपर बुडवलं. कोपराला काही लागलं नाही. तेव्हा तिला रडू फुटलं. तशीच रडत रडत तिने पहिली बादली काढली.

अंघोळ झाली, केस विंचरून झाले. सासूबाईंना खाटेवर धुतलेल्या चादरीवर निजवलं. तेवढ्यात दातांचे डॉक्टर दोन माणसांना घेऊन दारात उभे राहिले. आतलं दृश्य दिसताच त्यांनी माणसांना हातानेच मागे सारलं.

"मला कल्पना नव्हती," ते म्हणाले. "टाकीचं नंतर बघू. काही लागलं तर सांगा."

"बरं," ती म्हणाली.

ते गेले. ड्रममध्ये पाणी जवळजवळ काठापर्यंत होतं, कोमट. तिने टाकीतलं थोडं पाणी काढून टाकलं. मग बारीक नळीचं एक टोक ड्रममध्ये सोडलं, दुसरं टाकीच्या काठावर अडकवलं आणि छोटा पंप लावला. दोऱ्याएवढी धार टाकीत पडू लागली. पट्ट्यांचा कोपऱ्यातून बाहेर आला. तिने स्टूल खाटेला भिडवलं आणि बसली.

काकू आतून आल्या. "अगं, आता कसले मासे घेऊन बसलीस? नवरा यायच्या आत दोन घोट चहा तरी घे. ऊठ."

"उठता येणार नाही, काकू," ती म्हणाली. "पाणी चाललंय."