धुतलेले बस्ते

अकोल्याच्या कचेरीतून तिसऱ्यांदा मागणीपत्र आलं, ‘बस्ता क्रमांक दोनशे चौदा त्वरित पाठवावा’, आणि तिसऱ्यांदा मी त्यावर लिहिलं, ‘आढळून येत नाही’. वर चिडलोही. म्हटलं, या अकोलेकरांना दुसरा कामधंदा आहे की नाही!

खरं तर चिडायचा मला काडीचा हक्क नव्हता. एकसष्ट साल होतं. अकोला आणि अमरावती, दोन्हीकडचं जुनं दप्तर आमच्याकडे अमरावतीला, आणि ते सांभाळणारा कारकून मी. साहेबांनी सगळ्या बस्त्यांना, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांना, नवे नंबर द्यायचं ठरवलं. कुठल्या जुन्या नंबराचा कुठला नवा, याची यादी करून मी अकोल्याला धाडायची, एवढंच काम. पण जुना नंबर असायचा फक्त बस्ता बांधायच्या लाल कापडावर, शाईने लिहिलेला. तपासणी तोंडावर आलेली, कापडं मळून काळी पडलेली. मी शहाण्याने ती सोडवून धोब्याकडे धाडली. यादी काय, नंतर करू! कापडं लख्ख होऊन आली, नंबरांचा मागमूस नाही. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी तोंड शिवून बसलो.

चौथ्या खेपेला पत्राऐवजी माणूसच आला. बार्शीटाकळीचे डोमाजी, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं.

“बाबूजी, माह्या पोराले, धर्मपालले, मास्तरकी लागून राहिली. पन वय जास्त हाय म्हणतेत. त्याच्या जन्माची नोंद त्या दोनशे चौदाच्या बस्त्यात हाय. तीस तारखेपर्यंत नाही दाखवली तं जागा दुसऱ्याले जाते.”

त्या दिवशी सत्तावीस तारीख होती.

“अकोल्यानेच नंबर चुकवला असणार,” मी म्हणालो. इतकं सहज खोटं बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

“असंन बाबूजी. तुमी हुशार मानूस. तुमालेच सापडते ते.” एवढं बोलून ते वऱ्हांड्यात जाऊन बसले.

नऊशे बस्ते. आधी मांडण्यांच्या क्रमाने अंदाज बांधला, पण क्रमही मीच बदलला होता. मग एकेक बस्ता सोडवून कागद वाचत गेलो. जेवण सुचेना. दारातून डोमाजी दिसायचे, आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तीस तारखेला दुपारी तीनला नोंद सापडली. वय बरोबर होतं, अगदी नियमात. नक्कल घेऊन डोमाजी मोटारीने अकोल्याला पोचले तेव्हा कचेरी बंद झाली होती. जागा गेली. पुढच्या भरतीला धर्मपालचं वय खरोखरच उलटणार होतं.

आठ दिवस मला घास गेला नाही. शेवटी मीच बार्शीटाकळी गाठली. डोमाजी अंगणात दोर वळत होते.

“अकोल्याचा नंबर बरोबर होता,” मी उभ्यानेच सांगितलं. “कापडं मी धुवायला दिली. दोष माझा आहे.”

“ठावं हाय मले,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी तुमच्या चपराशानं सांगतलं.”

“मग बोललात का नाही? माझी गचांडी धरायची होती तिथेच!”

त्यांनी दोर बाजूला ठेवला.

“आन तुमाले खोटं पाडलं असतं, तं मंग तुमी शोधलं असतं काय, बाबूजी?”

नसतं शोधलं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.