दुसऱ्या पिस्टनची टोपी

ट्रॉम्बोनला पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, नसतात. एक लांब नळी असते, ती पुढे-मागे सरकवायची, संपला विषय. हे मी वर्गाला पहिल्याच आठवड्यात घसा फोडून सांगितलं होतं. तरी त्या दिवशी बारकी, वर्गातली सगळ्यात लहान पोरगी, ट्रॉम्बोन घेऊन बसली, खालून पाहिला, वरून पाहिला, कर्ण्यात डोकं घालून पाहिलं आणि शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "ताई, याची दुसरी टोपी कुठंय?"

"दुसरी? अगं बाई, पहिली तरी आहे का त्याला?"

"नाही ना. मग सुरुवात कुठून करायची?"

मला वाटलं, आता सगळी पोरं खो-खो हसणार. पण एकही हसलं नाही. सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते. मग पैलवान उठला. अंगाने दांडगा म्हणून आम्ही त्याला पैलवान म्हणतो, बाकी पोरगा गायीसारखा गरीब. तो म्हणाला, "ताई, तो नियम आहे ना. कुठलंही वाद्य आलं की आधी दुसऱ्या पिस्टनची खालची टोपी उघडायची, आत बघायचं, मग कामाला लागायचं."

"हा नियम कुणी सांगितला तुला?"

"सांगितला नाही. पण तुम्ही करता."

मी तो ट्रॉम्बोन उगाचच पुसायला घेतला.

आमचा वर्ग म्हणजे शाळेच्या मागची पत्र्याची शेड. जुन्या दारांची केलेली टेबलं, त्यातल्या एकाला अजून कडी आहे. खिळ्यांना टांगलेले कर्णे, पोचे काढायच्या लोखंडी कांड्या, एक शेगडी, आणि एक पंखा जो फक्त आवाज करतो. गावोगावच्या शाळांचे, पोलिसांचे, सर्कशींचे बँड आपली मोडकी वाद्यं इथे आणून टाकतात. रिकाम्या हिंडणाऱ्या पोरापोरींच्या हाताला काहीतरी कसब यावं म्हणून भल्या माणसांनी ही शेड दिली, हत्यारं दिली, आणि शिकवायला मला धरून आणलं. काम मला बाबांनी शिकवलं. तोंड मात्र माझं स्वतःचं आहे. पोरं पाठीमागे म्हणतात, ताईंची जीभ असताना शेगडी कशाला पेटवायची.

माझा पहिला धडा असा, की जे आजारी नाही त्याला हात लावायचा नाही. बूच गळतंय? बूच बदला आणि वाद्य परत द्या. उगाच इथे उघड, तिथे पिरगाळ, असले उद्योग मला चालत नाहीत. हे सांगणारी मीच, आणि वाद्य टेबलावर आलं रे आलं की त्याची दुसरी टोपी उघडणारीही मीच. पोरांनी ऐकलं ते सोडून दिलं आणि पाहिलं ते उचललं.

त्याचं असं आहे. बाबांच्या दुकानात एक रीत होती. ज्याने वाद्य दुरुस्त केलं त्याने दुसऱ्या पिस्टनच्या खालच्या टोपीत, आतल्या बाजूला, सुईने आपली खूण कोरायची. पहिल्या टोपीत नाही, कारण ती वाजवणारे स्वतःच उघडून बघतात. खूण गिऱ्हाइकासाठी नव्हतीच. तक्रार घेऊन वाद्य परत आलं तर कान कुणाचा पिळायचा, एवढं बाबांना कळावं म्हणून होती. बाबांची खूण चंद्रकोर. माझी तीन रेघांचा त्रिकोण, बाबा त्याला छप्पर म्हणायचे. आणि माझ्या धाकट्या भावाची खूण पोपट.

त्याला घरात पोपटच म्हणायचे, कारण तोंड मिटणं त्याला ठाऊक नव्हतं. पिस्टन घासताना बोलायचा, जेवताना बोलायचा, झोपेतसुद्धा बोलायचा. चित्रकला मात्र यथातथाच. पोपट काढायला जायचा आणि वांगं व्हायचं, चोच म्हणजे देठ. मी म्हणायचे, "अरे, निदान पाय तरी काढ त्याला. बसणार कुठे तो?"

तर म्हणायचा, "ताई, उडणाऱ्याला पाय कशाला?"

आणि उडालाच. एका सर्कशीचा कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रंपेटसारखं वाद्य, दुरुस्तीला आला होता. तो पोचवायला म्हणून पोपट गेला, त्यांचा वाजवणारा आजारी पडलेला, हा त्याच्या जागी उभा राहिला. भांडण नाही, तंटा नाही. "हंगाम संपला की आलोच गं," म्हणाला. त्याचा डबा मीच बांधून दिला. सुरुवातीला शेजारच्या दुकानात त्याचे फोन यायचे. मग सर्कस मोडली असं कानावर आलं आणि फोन बंद झाले. पण वाद्यं येत राहिली. कुठल्या कुठल्या बँडचं एखादं वाद्य यायचं, टोपी उघडावी तर आत वांगं! मी टोपी घेऊन बाबांकडे धावायचे. बाबा चष्मा पुसून पुसून बघायचे आणि म्हणायचे, "आहे बरं का. काम करतोय गडी." पुढे तेही थांबलं. बाबा गेले. मी टोप्या उघडत राहिले.

मला तो हवाय. इतकं साधं आहे ते. त्याची ती डोकं उठवणारी बडबड हवी आहे. शेड बंद करून घरी गेले की घर खायला उठतं. माझ्या मोरीतला नळ किती दिवस टपटपतोय, मी एवढी दुरुस्तीवाली, पण त्याला हात लावत नाही. तेवढाच कुणाचा तरी आवाज.

तर त्या दिवशी मी पोरांना सांगायला हवं होतं, की हा नियमबियम काही नाही. शब्द ओठांवर आले होते. पण मनात म्हटलं, ही पोरं शिकून कुठल्या कुठल्या गावी जातील. जिथे जातील तिथे प्रत्येक वाद्याची दुसरी टोपी उघडतील. माझे दोन डोळे कुठे कुठे पुरणार? मी म्हटलं, "ट्रॉम्बोनला माफ आहे. चला, कामाला लागा."

पुढे व्हायचं ते झालं.

एका शाळेच्या बँडचं युफोनियम आलं होतं. मांडीवर घेऊन वाजवायचं ते गलेलठ्ठ वाद्य. पाणी सोडायच्या चावीचं बूच तेवढं गळत होतं, बाकी ठणठणीत. मी पैलवानाला म्हटलं, "बूच बदलून ठेव, मी बाजारातून जोड झाळायची तार घेऊन येते." परत आले तर पैलवान टेबलाशी उभा, चेहरा पांढराफटक, हातात मोठी पक्कड. जुनी टोपी घट्ट बसली होती. त्याने पक्कड लावून अंगातला सगळा जोर काढला होता. टोपी चेमटली होती, तिच्यावरची नळी दबून लांबोळी झाली होती, आणि आत पिस्टन अडकून बसला होता.

"बूच बदलायचं होतं! बूच! ते कुठे, हे कुठे! अक्कल काय गहाण ठेवलीस?"

पैलवान खाली मान घालून म्हणाला, "टोपी सुटत नव्हती, ताई. ती उघडल्याशिवाय बूच कसं बदलणार? तुम्ही विचारलं असतं, आत बघितलंस का म्हणून."

तेवढ्यात बँडचे सर वाद्य न्यायला आले. बरोबर ते वाजवणारी मुलगी होती, युफोनियमपेक्षा जेमतेम उंच. तिने ते माझ्या हातून घेतलं, मांडीवर ठेवलं, बोटाने दुसरा पिस्टन दाबला. तो दबेना. तिने पुन्हा दाबून पाहिला. रडली नाही की रागावली नाही. मला म्हणाली, "मग मी आता कशावर वाजवू?"

तिचं समाधान करून दोघांना कसंबसं वाटेला लावलं आणि मी स्टुलावर बसले. कान कुणाचा पिळायचा हे आता बाबांना विचारायची गरज नव्हती.

"इकडे या सगळे," मी म्हटलं आणि सांगून टाकलं. सर्कस, कॉर्नेट, बाबा, सगळं. फळ्यावर बाबांची चंद्रकोर काढली, माझं तीन रेघांचं छप्पर काढलं आणि शेवटी पोपट काढला. बारकी हळूच म्हणाली, "ताई, हे वांगं आहे."

"माहीत आहे मला!"

मग मात्र सगळे हसले. मीही हसले आणि पदराने डोळे पुसले.

बारकी म्हणाली, "मग आम्ही बघत राहू की, ताई. हळू उघडू. जोर नाही लावणार."

किती गोड होतं ते आणि किती वाईट. हो म्हणायला जीभ वळवळत होती. पण ती मुलगी डोळ्यांपुढून हलेना.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या भावापायी कुणाचं वाद्य मोडायचं नाही. आजपासून जो पिस्टन आजारी, त्याचीच टोपी उघडायची. दुसऱ्या कशाला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. आणि हे मलाही लागू."

युफोनियम आम्ही सगळ्यांनी मिळून उभं केलं. नळीत लोखंडी कांडी घालून, लाकडी मोगरीने हलके हलके ठोकत ती पुन्हा गोल केली. ठोकायचं काम पैलवानानेच केलं. इतका दांडगा हात इतका हळू चालू शकतो हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. भंगारातल्या एका वाद्याची टोपी काढून बसवली. ती लावण्याआधी त्याने विचारलं, "ताई, खूण काढू?"

"काढ. तूच मोडलंस, तूच जोडलंस."

त्याने वळलेली मूठ काढली. ती बटाट्यासारखी दिसत होती. आमच्या घराण्यात चित्रकलेचा योगच नाही.

त्यानंतर नवीन वाद्य आलं की माझा हात सवयीने दुसऱ्या टोपीकडे जायचा. मी तो मागे घ्यायचे. पोरं पाहायची आणि न पाहिल्यासारखं करायची. काही वाद्यं इतक्या लांबून आलेली असायची, की जीव तुटायचा. एका कॉर्नेटच्या पेटीवर परक्या गावांच्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या होत्या. त्याला फक्त नवं बूच हवं होतं. मी बूच बसवलं आणि तो न उघडता देऊन टाकला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वाटलं, स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं मी. तो बाहेर उभा असला तर?

वर्ग संपला, पोरं पांगली. बारकी पोलीस बँडच्या कारखान्यात लागली. पैलवान बंदराच्या गावी एका दुकानात गेला. जाताना पाया पडायला आला तर मी म्हटलं, "पाया नको पडूस, पक्कड जपून वापर."

नवीन पोरं आली. त्यांना मी बूच बदलायला शिकवत होते तेव्हा पैलवानाचा फोन आला.

"ताई, आधीच सांगतो, पिस्टन अडकत होता म्हणून उघडली. दुसराच अडकत होता. शप्पथ."

"बरं बाबा. मग?"

"पक्कड नाही लावली. तेल सोडून ठेवलं, वाट बघितली, परत तेल सोडलं. आज सकाळी बोटांनी सुटली."

"अरे, शाबास. पण मग?"

"ताई, आत वांगं आहे."

माझ्या हातातली कानस खाली पडली. नवीन पोरं दचकली. मी त्यांना हातानेच गप्प बसा म्हणून सांगितलं, खरं तर ती गप्पच होती.

"कुणाचं वाद्य?"

"बोटीवरच्या बँडवाल्याचं. मी सगळं विचारलं त्याला. म्हणाला, मागे फिरतीवर असताना कुठेतरी दुरुस्त करून घेतलं होतं, गाव आठवत नाही. दुकान आठवत नाही. एवढंच आठवतं म्हणाला, की दुरुस्त करणाऱ्याने बोलून बोलून डोकं उठवलं होतं."

मी टेबलाची कडी घट्ट धरली. जुनी खूण असेल, मी स्वतःला बजावलं. तेला-मळाने काळी पडलेली असेल, बाबा होते तेव्हाची असेल. आशा लावून घेऊ नकोस बये.

"नख लाव," मी म्हटलं. "रेघ काळी आहे की चकचकीत?"

"चकचकीत आहे, ताई. नखाला लागतेय. अलीकडचीच आहे."

मी रडायला लागले. भर वर्गात, नव्या पोरांसमोर.

"ताई, ऐकताय ना? अजून एक आहे. तुम्ही फळ्यावर चुकीचा काढला होता."

"काय चुकीचा?"

"पोपट. तुमच्या पोपटाला पाय नव्हते. याला आहेत. आणि तो बसलाय, ताई. खाली तीन रेघांचं छप्पर आहे, त्याच्यावर बसलाय. मला आधी वाटलं, तुम्हीच कधी हे वाद्य दुरुस्त केलं असेल."

मी ते वाद्य जन्मात पाहिलं नव्हतं.

पैलवान म्हणाला, "ताई, काय करू?"

"शेजारी तुझी खूण काढ," मी म्हटलं. "आणि टोपी नुसत्या बोटांनी लाव. घट्ट केलीस तर याद राख. त्याला परत उघडता आली पाहिजे."